जुनं विंडोज सोडवत नाहीये

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे, ताई, चांगलं चाललंय त्याला हात कशाला लावायचा. मी वीस-बावीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर उघडतेय, दुरुस्त करतेय, नवीन बसवून देतेय, आणि मला हा प्रश्न कधीच आळशीपणाचा वाटला नाही. एकदा हात पोळलेला माणूस असं विचारणारच. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि याच विषयावरची चार पत्रं घेतलीत. त्यातलं प्रेसवाल्या दादांचं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही लांबलंय, पण ते कापावंसं वाटलं नाही.

प्रश्न: नमस्कार ताई. माझा लॅपटॉप २०१७ सालचा आहे, आय ३-६००६यू असं त्यावर लिहिलंय, विंडोज १० आहे. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून घेतला होता. रोज दोन तास लेखन करतो, पेपर वाचतो, बँकेचं बघतो. आता स्क्रीनवर सारखं येतं की सपोर्ट संपला, विंडोज ११ घ्या, आणि घ्यायला गेलं की म्हणतं हा कॉम्प्युटर चालणार नाही. लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. चांगली वस्तू टाकून द्यायची हे मनाला पटत नाही. हा एक दिवस बंदच पडेल का?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: सर, बंद पडणार नाही. उद्याही सुरू होईल, पुढच्या वर्षीही होईल, तुमचं लिखाण, फोटो, सगळं जिथल्या तिथे राहील. बंद झालंय ते एवढंच की दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या, आपल्याकडे त्या रात्री उशिरा किंवा बुधवारी दिसायच्या, त्या आता विंडोज १० ला आपोआप येत नाहीत.

त्यानं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. समजा एका आळीत सगळ्यांच्या दाराला एकाच कंपनीची कुलपं आहेत आणि कंपनीनं अर्ध्या लोकांना कुलपातला एक भाग बदलून दिला. आता चोराला फार डोकं चालवायला लागत नाही, नवीन भाग नि जुना भाग शेजारी ठेवला की जुन्यात खोट कुठे होती ते दिसतं, आणि उरलेली अर्धी घरं त्याला मोकळी. विंडोज १० आणि ११ चं आतलं बरंचसं काम सारखं आहे, त्यामुळे ११ ला दुरुस्ती आली की १० मधलं भोक आपोआप जाहीर होतं. पहिल्या महिन्यात धोका कमी असतो, पण तो दर महिन्याला साठत जातो. तुम्ही त्याच लॅपटॉपवर बँक बघता म्हणून हे जरा विस्तारानं सांगितलं.

तुमच्या लॅपटॉपवर ११ का चालत नाही तर आय ३ च्या पुढे जो आकडा असतो त्यावरून पिढी कळते, ६००६ म्हणजे सहावी पिढी, आणि विंडोज ११ ला मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. शिवाय टीपीएम २.० लागतं, ही पासवर्डच्या किल्ल्या सांभाळणारी सोय असते, कधी मदरबोर्डवर वेगळी चिप असते तर कधी प्रोसेसरमध्येच असते. जुन्या लॅपटॉपवर आडमार्गानं ११ बसवून देणारे लोक बाजारात आहेत, बसतंही ते, पण मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलंय की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची खात्री नाही. ज्यासाठी बदलायचं तेच पक्कं नसेल तर तुमच्या जागी मी त्या वाटेला गेले नसते.

मग करायचं काय? आत्ता लगेच एक करा. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट, तिथे वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायची लिंक दिसेल. त्यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. तीन रस्ते आहेत, तुमची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडली तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. कुठलाही रस्ता घेतला तरी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच, आणि विंडोज १० ची शेवटची आवृत्ती म्हणजे २२एच२ लागते. ती आहे का बघायला स्टार्टमध्ये डब्ल्यू आय एन व्ही ई आर एवढी अक्षरं टाइप करून एंटर दाबा, छोटी खिडकी उघडते त्यात लिहिलेलं असतं.

त्यानंतरही लॅपटॉप टाकून द्यायची गरज नाही. लिनक्स मिंट नावाची फुकट सिस्टिम आहे, तिची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, आणि तुमच्या लॅपटॉपच्या ताकदीत ती आरामात बसते. महत्त्वाचं म्हणजे ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते, आतल्या एकाही फाइलला हात न लावता. आठवडाभर तशी वापरा, लिब्रेऑफिस या वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एखादा लेख लिहून बघा, बँकेची साइट उघडा, प्रिंट काढा. जमलं तर बसवा, नाही जमलं तर पेन ड्राइव्ह काढून घ्या, तुमचं विंडोज होतं तिथेच असेल. चांगली वस्तू टाकायची नाही हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं सर, आणि सहाव्या-सातव्या पिढीचे हे लॅपटॉप नुसत्या एका अटीमुळे भंगारात चाललेत याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न: ताई, माझी प्रेस आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, स्मरणिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल. दोन मशीन आहेत. एक विंडोज एक्सपी, त्यावर पानं लावायला पेजमेकर नि मराठी फाँटसाठी श्रीलिपी, डाँगल (सॉफ्टवेअर चालवायची चावी) प्रिंटर पोर्टला लागतं. दुसरं विंडोज ७, त्यावर मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, गिऱ्हाइकांच्या फाइली. दोन्ही लॅननं जोडलेली. सतरा वर्षांचं मॅटर एक्सपीवर आहे, दरवर्षी तेच काढून आकडे बदलतो. पुतण्या म्हणतो काका फेकून द्या, नवीन घ्या. पाच वर्षांपूर्वी एकानं नवीन विंडोज टाकून दिलं होतं तर मॅटरची सगळी इंग्रजी अक्षरं झाली, अहवाल दोन दिवसांवर आलेला, रात्रभर बसून जुनं परत टाकलं. तेव्हापासून मी ठरवलंय, हात लावायचा नाही. माझं चुकतंय का?
— प्रेसमालक, सांगली जिल्हा

उत्तर: दादा, एक्सपीचं मशीन ठेवायचं यात तुमचं चुकत नाही. लॅनच्या वायरीचं चुकतंय. ते का, हे सांगण्याआधी त्या रात्री काय झालं होतं ते सांगते, म्हणजे भीतीचं मूळ कळेल.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव हे सगळे जुन्या पद्धतीचे फाँट. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे चित्रासारखे बसवलेले असतात, काना एका जागी, वेलांटी दुसऱ्या, अर्धा श तिसऱ्या. फाँट मशीनवर असेपर्यंत झकास दिसतं. फाँट नसला की त्या जागेवरचं मूळ इंग्रजी अक्षर दिसतं. म्हणजे त्या रात्री तुमचं मॅटर गेलं नव्हतं, ते तसंच होतं, फक्त त्याचा चष्मा गेला होता. ज्यानं विंडोज टाकलं त्यानं आधी फाँट आणि डाँगलचं बघायला हवं होतं, आणि ते न बघता कामाच्या तोंडावर मशीनला हात घातला, याचा राग यायलाच हवा.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, तिथे क म्हणजे कुठल्याही मशीनवर, मोबाइलवर क च. म्हणून गिऱ्हाईक आता व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतं तो युनिकोड असतो आणि तुमच्या पेजमेकरमध्ये टाकला की चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं येतात, कारण पेजमेकर ७ हे २००१ चं शेवटचं व्हर्जन, त्याला देवनागरी युनिकोड कळतच नाही. कन्व्हर्टर असतात, पण तुम्हाला माहितीये ते कुठे मार खातात, दुसऱ्या, दऱ्या यातला र, आचार्य आणि सूर्य मधला रफार, अ‍ॅ, आणि संस्कृत श्लोकातली जोडाक्षरं. लग्नपत्रिकेवर गणपतीचा श्लोक चुकला तर गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणजे सतरा वर्षांचं मॅटर एका दिवसात नवीनवर नेणं हे पुतण्याला वाटतं तेवढं सोपं नाही, आणि हे त्यालाही समजावून सांगा.

आता वायरीबद्दल. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा प्रकार सुटला, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा. दीडशे देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर त्यात सापडले, इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. त्याला कुणी मेल उघडायची गरज नव्हती, एक मशीन लागलं की ते लॅनवरून शेजारच्या मशीनमध्ये आपलं आपण शिरायचं. आणि सापडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेली होती, दोन महिने आधी. नंतर करू, आत्ता काम आहे, असं म्हणत ती राहून गेली होती. तुमच्या विंडोज ७ ला तर १४ जानेवारी २०२० पासून नेहमीच्या दुरुस्त्या येणंच बंद झालंय आणि एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आलं. ते सुरू झालं युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आणि पोचलं आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीमधलं मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर कुठला कुठे ते हातानं लिहायची वेळ आली. मर्स्कनं नंतर सांगितलं की दहा दिवसांत ४००० सर्व्हर आणि ४५००० कॉम्प्युटर नव्यानं बसवावे लागले. यात एक गोष्ट अशी आहे की मी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. त्यांच्या नेटवर्कचा मुख्य डेटा जगभरच्या सर्व्हरवर होता आणि सगळीकडे एकाच वेळी पुसला गेला, वाचला फक्त घानामधल्या ऑफिसातला, कारण तिथे त्या वेळी लाइट गेलेली होती आणि ते मशीन नेटवर्कवर नव्हतंच. तिथून तो डेटा हातानं इंग्लंडला नेला आणि मग कंपनी उभी राहिली.

तुमचं एक्सपीचं मशीन तसंच ठेवा, लाइट गेलेल्या ऑफिसातल्यासारखं. लॅनची वायर काढा, वायफायचं काही लावलं असेल तर काढा, इंटरनेट कधीही नाही. त्याच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी कॉपी म्हणजे क्लोन करून घ्या, एक नाही दोन, एक प्रेसमध्ये कपाटात आणि एक घरी. सतरा वर्षांची डिस्क कुठल्या सकाळी उठणार नाही हे व्हायरसपेक्षा मोठं संकट आहे, आणि माझ्याकडे रडत आलेल्या प्रेसवाल्यांमधले जास्त लोक याच कारणानं आले होते. डाँगलला जीव लावा, ते हललं की सगळं हललं. श्रीलिपीच्या सीडी, फाँटच्या फाइली, कीबोर्ड लेआउट, सगळं एका फोल्डरमध्ये काढून त्याचीही कॉपी ठेवा.

विंडोज ७ चं मशीन मात्र बदला. व्हॉट्सअ‍ॅप, मेल, लोकांचे पेन ड्राइव्ह, सगळी घाण तिथूनच आत येते. त्यावरचा क्रोम ब्राउझरही २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या व्हर्जनवर थांबलाय. त्या जागी आठव्या पिढीचा वापरलेला डेस्कटॉप घेतलात तरी पुरे, लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या जवळच्या शहरात ऑफिसांतून निघालेले मिळतात, फक्त घ्यायच्या आधी दुकानातच टीपीएम आहे का आणि विंडोज ११ ओरिजिनल आहे का ते बघा. फाइल तिकडून इकडे न्यायला एकच पेन ड्राइव्ह ठेवा, त्याला लाल रिबीन बांधा, तो गिऱ्हाइकाच्या मशीनला कधी लावायचा नाही, आणि नवीन मशीनवर स्कॅन केल्याशिवाय एक्सपीला लावायचा नाही.

आणि नवीन काम तिथे हळूहळू सुरू करा. पेजमेकरच्या जागी इनडिझाइन घेतलं तर त्याला देवनागरी युनिकोड येतं, तेवढा खर्च नको असेल तर स्क्रायबस फुकट आहे. आधी हँडबिलं, मग पत्रिका, अहवाल शेवटी. फाँट निवडताना मराठी वळणाचा ल आणि श असलेला घ्या, विंडोजमधला मंगल हिंदी वळणाचा आहे, तो पत्रिकेवर परका दिसतो. दरवर्षी येणारे अहवाल त्या त्या वर्षी एकेक करून नवीनवर नव्यानं बसवा, तीन-चार वर्षांत जुन्या मशीनचं काम आपोआप कमी होईल. घाई कुणी केली तर त्याला सांगा की बँकांनाही वेळ लागला होता. एक्सपी संपल्यावर चार वर्षांनी, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेला बँकांना लेखी सांगावं लागलं की एटीएममधली जुनी सिस्टिम बदला, सप्टेंबरपर्यंत निदान पाव, आणि जून २०१९ पर्यंत सगळी. टप्प्याटप्प्यानंच करायला सांगितलं होतं.

प्रश्न: मॅडम, टॅक्स कन्सल्टंट आहे. ऑफिसात चार पीसी, सगळे विंडोज १०, दहाव्या पिढीचे, टॅली, डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं टोकन, जीएसटी, रिटर्न. चारपैकी दोनवर विंडोज ११ साठी टीपीएम नाही असं येतं. स्टाफ म्हणतो सीझन झाल्यावर करू, पण आमचा सीझन संपतच नाही. कधी करायचं आणि कसं?
— कर सल्लागार, नाशिक

उत्तर: दहाव्या पिढीत टीपीएम असतं, बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या मशीनमध्ये ते पीटीटी या नावानं सापडतं, एएमडी असेल तर एफटीपीएम. ते चालू करा आणि पुन्हा तपासा, बहुधा एवढ्यानं काम होईल. बायोसमध्ये जाण्याआधी ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाचं कुलूप, लावलंय का ते मात्र बघा, लावलं असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. ती नसताना मशीननं विचारली तर डेटा समोर असून हाताला लागत नाही, आणि तिथे मी काय, कुणीच काही करू शकत नाही.

तारखेचं म्हणाल तर जीएसटीच्या रिटर्नांपैकी जीएसटीआर-१ ची ११ तारीख, ३बी ची २० तारीख, हे दोन्ही टाळून २१ ते २८ च्या मधला शनिवार धरा, जुलै आणि सप्टेंबर सोडून. एकच पीसी आधी, जो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे तो. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवायची. डीएससी टोकनच्या कंपनीच्या साइटवरून नवीन ड्रायव्हर आधीच उतरवून घ्यायचा, प्रिंटरचाही. अपग्रेड करताना फाइली आणि सॉफ्टवेअर राहतात, आणि पटलं नाही तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जच्या रिकव्हरीमधून परत १० वर जाता येतं, त्या १० दिवसांत डिस्क साफ करणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका नाहीतर परतीचा रस्ता पुसला जातो. पहिल्या पीसीवर एक खरं रिटर्न भरून बघा, एक सही करून बघा, आठ दिवस जाऊ द्या, मग बाकीचे तीन.

थांबायचंच असेल तर ऑफिसांसाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षेची वेगळी योजना आहे, पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर आणि दरवर्षी दुप्पट, तीन वर्षांपर्यंत. तुमची चारही मशीन ११ ला चालणारी असताना हे पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे. तुमच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट पडलेले असतात, ते त्यांनी तुमच्या भरवशावर दिलेत, त्यामुळे सीझनचं कारण इथे चालणार नाही.

प्रश्न: ताई, मी बंगळुरूला असते, आई मालवणला एकटी. वयाच्या ६४ व्या वर्षी ती कॉम्प्युटर शिकली, बाबा गेल्यानंतर. विंडोज १० आहे. वर्डपॅडमध्ये मराठीत लिहिते, जुन्या रेसिपी, तिच्या आईच्या ओव्या, शंभरेक फाइली झाल्यात. आता मी दिवाळीत जाईन तेव्हा विंडोज ११ टाकायचं म्हणतेय, मशीनला चालतं, तपासलंय. पण आईनं फोनवर सरळ सांगितलं, माझ्या कॉम्प्युटराक हात लावू नको. मागच्या वेळी भावानं नवीन फोन दिला तेव्हा तिचे सगळे नंबर कुठल्या कुठे गेले आणि ती महिनाभर कुणाला फोन करत नव्हती. मला जबरदस्ती करायची नाहीये, पण ती त्याच्यावर बँकेचं पासबुकही बघते. काय करू?
— वाचक, बंगळुरू

उत्तर: हे पत्र मी दोन-तीन वेळा वाचलं. माझ्या आईच्या बाबतीत मी हीच चूक केली होती, ती झोपलेली असताना तिचं मशीन नवीन करून ठेवलं, सकाळी तिला चकित करायचं म्हणून. ती खुर्चीत बसली, पाच मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. मला तेव्हा कळलं की तिच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे डावीकडे खाली कोपऱ्यात जायचं, तिथून तिसऱ्या चित्रावर, तिथून वर, एवढा रस्ता होता, आणि तो मी एका रात्रीत उखडून टाकला होता. तरुण माणूस शब्द वाचून वाट काढतो, या बायका हाताच्या आठवणीवर चालतात, स्वयंपाकघरात डबा न बघता काढतात तसं.

तर पहिली गोष्ट, तिला न विचारता करू नका, आणि तुम्ही नसताना दुसऱ्या कुणाला करायला सांगू नका. दिवाळीपर्यंत थांबायचं झालं तर आजच व्हिडिओ कॉलवर वाढीव सुरक्षेचं नाव नोंदवून घ्या, साताऱ्याच्या सरांना वर सांगितलंय तेच, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरतं. यंदाची, म्हणजे २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरात आहे म्हणजे ती तारीख आधी निघून जाते, म्हणून जमलं तर गणपतीत जा, आणि नाहीच जमलं तर मधले तीन-चार आठवडे तिला बँक त्या मशीनवर बघू नको म्हणून सांगा.

दुसरी आणि महत्त्वाची, वर्डपॅड. विंडोज ११ च्या २४एच२ पासून वर्डपॅड काढून टाकलंय. म्हणजे तिच्या रोजच्या वहीची जागाच नाहीशी होणार आहे आणि हे आधी कुणी सांगितलं नाही तर तिला वाटेल ओव्या गेल्या. फाइली कुठे जात नाहीत, त्या आरटीएफ प्रकारच्या असतात, लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. पण क्रम असा ठेवा, आत्ताच्या विंडोज १० वरच आधी लिब्रेऑफिस रायटर टाका आणि आईला त्यात चार-सहा आठवडे लिहू द्या, वर्डपॅडही असू दे शेजारी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यात हात बसला की मग विंडोज. शंभर फाइलींच्या दोन कॉपी करा, एक पेन ड्राइव्हवर तिच्या कपाटात, एक तुमच्याकडे, आणि कपाटातली तिला उघडून दाखवा, आईची ओवी त्यात आहे हे तिला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

विंडोज ११ टाकलं की तिला खुर्चीत बसवण्याआधी अर्धा तास तुम्ही बसा. टास्कबारच्या सेटिंगमध्ये चित्रं मधे असतात ती डावीकडे घ्या, तिची नेहमीची तीन-चार चित्रं त्याच क्रमानं पिन करा, अक्षरं आधी होती तेवढीच मोठी करा. मराठी कीबोर्ड ती कुठला वापरते ते आधीच बघून ठेवा, इन्स्क्रिप्ट की फोनेटिक, फोनेटिक असेल तर तो २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच आहे, आणि विंडोज बटण नि स्पेस दाबून बदलायची सवय तशीच चालते. राइट क्लिकचा मेनू बदललाय, त्यात कॉपी-पेस्टची चित्रं एका आडव्या ओळीत आलीत, हे तिला नक्की अडणार, तेव्हा एका कागदावर ती चित्रं काढून समोर चिकटवा. आणि निदान तीन दिवस तिथे राहा, तिच्या हातातला माउस एकदाही न घेता.

तिला एक ताकीद मात्र द्या. तुमचं विंडोज संपलंय, आम्ही कंपनीतून बोलतोय, हे अ‍ॅप टाका, असे फोन येतात, सपोर्ट संपल्याची बातमी सगळ्यांना माहीत आहे त्याचा फायदा घेतात. मायक्रोसॉफ्ट असा आपणहून फोन करत नाही. फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा, पैसे गेलेच तर लगेच १९३० वर. हा नंबर पण त्याच कागदावर लिहा, ठळक.

आणि आज रात्री फोन कराल तेव्हा विंडोजचा विषय काढूच नका. तिच्या स्क्रीनवर मागे कुठला फोटो आहे ते विचारा, कदाचित बाबांचा असेल, आणि तो मला पाठव म्हणा. अपग्रेडनंतर तो बहुधा राहतोच, पण नाही राहिला तर सगळ्यात आधी तो लावायचाय.